शेवटच्या नळापासून विहिरीपर्यंत: गावाचं पिण्याचं पाणी सुरक्षित ठेवण्याची पद्धत

पाणी तपासायला कुणी गावात आलं की त्याला आधी उद्भव विहीर (जिथून गावाचं पाणी उपसतात ती) दाखवतात, मग पंपघर, मग टाकी. विहिरीचं पाणी नितळ असतं, टाकी नुकतीच रंगवलेली असते आणि पाहणी संपते. पण विहिरीचं पाणी तिथंच ओंजळीनं कुणी पीत नाही. ते पिलं जातं घरात, आणि टाकीपासून सगळ्यात लांबच्या घरात काय पोचतं यावर गावाचं आरोग्य ठरतं. म्हणून या लेखातली सगळी कामं मी उलट्या क्रमानं मांडली आहेत: आधी शेवटचा नळ, मग पाइप, मग टाकी, मग विहीर. हजार-दोन हजार लोकवस्तीची, एक विहीर किंवा बोअर, एक उंच टाकी आणि नळजोडण्या असलेली ग्रामपंचायतीची योजना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. शहरालगतच्या सोसायट्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू व नोरोव्हायरस सापडले, तेव्हा तिथल्या पाण्याबद्दल जे प्रश्न विचारले गेले, तेच प्रश्न आपल्या वाडी-वस्तीलाही विचारायला हवेत.

पहिलं काम: शेवटचं घर शोधा

गावाचा साधा नकाशा काढा. शाळेतल्या फळ्यावर खडूनं काढला तरी चालेल. टाकी, मुख्य पाइप, व्हॉल्व्ह, गल्ल्या, गटारं, हातपंप, सगळं त्यावर दाखवा. पाणी सोडणाऱ्या माणसाला शेजारी बसवा, कारण जमिनीखालची जोडणी त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नसते. कोणत्या व्हॉल्व्हवर कोणती आळी आहे आणि प्रत्येक व्हॉल्व्हवरचं शेवटचं घर कोणतं, ते लिहून ठेवा. बहुतेक गावांत हे शेवटचं घर दलित वस्तीत, तांड्यावर किंवा नव्यानं वसलेल्या टोकाच्या वस्तीत निघतं. तिथं पाणी उशिरा येतं, कमी दाबानं येतं, आणि तक्रारही शेवटी ऐकली जाते. तपासणी तिथून सुरू केली की हा क्रम आपोआप बदलतो.

त्या घरच्या नळावर मोजायची पहिली गोष्ट म्हणजे उरलेला क्लोरीन. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) आयएस १०५०० या मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा. साथीच्या काळात, विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा तो ०.५ असावा. हा शिल्लक क्लोरीन पहारेकरी आहे. तो हजर असेल तर वाटेत कुठं थोडी घाण शिरली तरी ती निपटली गेली असण्याची शक्यता मोठी. तो शून्य असेल, तर एकतर टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलेलीच नाही, नाहीतर पडलेली सगळी वाटेतल्या घाणीनं खाल्ली. दोन्ही गोष्टी त्याच दिवशी शोधायच्या.

ओटी टेस्ट नीट कशी करायची

ग्रामपंचायतीकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात ओटीची (ऑर्थोटोलिडिन, म्हणजे क्लोरीनमुळे पिवळं होणाऱ्या रसायनाची) बाटली आणि रंगपट्टी असते. नळ दोन मिनिटं वाहू द्या. घरातल्या पिंपातलं पाणी घेऊ नका, थेट नळाचंच घ्या. नळी दोन-तीन वेळा त्याच पाण्यानं विसळून खुणेपर्यंत भरा, संचावर लिहिले असतील तितके थेंब टाका, हलवा आणि लगेच रंग जुळवा. इथं घाई हवी. पहिल्या दहा सेकंदांतला पिवळा रंग मोकळा क्लोरीन दाखवतो. पाच-दहा मिनिटं नळी बाजूला ठेवली तर अमोनियाशी जोडला गेलेला, कमी ताकदीचा क्लोरीनही रंग धरतो आणि पाणी आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटायला लागतं. रंग नारिंगी-लालसर आला तर मात्रा फार झाली आहे. बाटलीतलं रसायन अंगाला लागू देऊ नका, तपासलेलं पाणी पिण्याच्या भांड्यात परत ओतू नका, हात धुवा. गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी मिळत असेल तर ती जास्त भरवशाची. नवी खरेदी करायची असेल तर तीच मागा.

रोज तीन ठिकाणी ही टेस्ट करावी: टाकीजवळचं घर, मधलं घर आणि शेवटचं घर. घरं आळीपाळीनं बदला, नाहीतर वहीत वर्षभर त्याच तीन नावांपुढे तोच आकडा दिसत राहतो. हे काम एकट्या जलसुरक्षकावर (पाण्यात टीसीएल टाकणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसावर) टाकू नये. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. त्या कोण आहेत हे ग्रामपंचायतीत विचारा आणि किट कपाटातून बाहेर काढून त्यांच्या हातात द्या.

टीसीएल: किती, कशी, कुठे

सर्वांत जास्त चुका इथं होतात.

आपल्याकडे चालत आलेलं प्रमाण आहे हजार लिटरला ५ ग्रॅम, तेही पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरीन असेल तर. त्या हिशेबानं पन्नास हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम पावडर लागते. पण पोतं फोडल्यापासून ताकद उतरायला लागते. ऊन, ओल आणि उघडं तोंड यांनी ती काही आठवड्यांत बरीच घसरते. तीच पावडर २० टक्क्यांवर आली असेल तर टाकीला साधारण ४१० ग्रॅम लागेल, आणि जलसुरक्षक मात्र सवयीनं तेच एक माप टाकत राहील. त्यातच पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की त्याची क्लोरीनची भूक वाढते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच मात्रा अपुरी पडते. जून-जुलैत गॅस्ट्रोची साथ येते त्यामागे पुष्कळदा हेच गणित असतं.

यावर उपाय म्हणजे आपल्याच पावडरीनं, आपल्याच पाण्यावर मात्रा ठरवणं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. प्लॅस्टिकच्या भांड्यात एक लिटर पाणी घ्या, त्यात ३० ग्रॅम टीसीएल नीट कालवा, दहा-पंधरा मिनिटं निवळू द्या. चार स्वच्छ प्लॅस्टिकच्या बादल्यांत क्लोरीन न घातलेलं विहिरीचं पाणी दहा-दहा लिटर मोजून भरा. सुई काढलेल्या सिरिंजनं वरची निवळी ओढून पहिल्या बादलीत १ मिली, दुसरीत २, तिसरीत ३, चौथीत ४ मिली टाका. ढवळा, झाका, अर्धा तास थांबा. मग चारही बादल्यांची ओटी टेस्ट करा. जिच्यात ०.५ च्या आसपास क्लोरीन उरला असेल ती आपली बादली. तिच्यात जितके मिली टाकले, त्याची तिप्पट म्हणजे हजार लिटरला लागणारे पावडरीचे ग्रॅम. दुसरी बादली जुळली तर हजार लिटरला ६ ग्रॅम, तिसरी जुळली तर ९ ग्रॅम. याचं सोयीचं म्हणजे पावडर जुनी असो की नवी, तिची ताकद किती टक्के ते वेगळं शोधावं लागत नाही. ती उत्तरात आपोआप येते. चौथ्या बादलीतही काही उरलं नाही, तर पावडर मेलेली आहे किंवा पाणी फार घाण आहे. नवीन पोत्यातली पावडर घेऊन पुन्हा करून पाहा म्हणजे उलगडा होईल. महिन्यातून एकदा, नवीन पोतं फोडलं की, आणि पहिला मोठा पाऊस झाला की हा प्रयोग करायचाच.

पाण्याचं आकारमान अंदाजे धरू नका. गोल विहीर असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि आलेल्या आकड्याला ७८५ नं गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ७८,५०० लिटर. चौकोनी टाकीला लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून हजारानं गुणा. हे हिशेब पंपघराच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवा: पाणी इतके फूट असेल तर पावडर इतके ग्रॅम. शेजारी एक वजनकाटा ठेवा. मूठ, वाटी, डबा ही मापं माणूस बदलला की बदलतात.

पावडर कोरडी कधीच टाकायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत मोजलेली पावडर घ्या, थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा. खाली चुन्याचा गाळ बसेल. फक्त वरची निवळी पाण्यात सोडायची, गाळ दूर खड्ड्यात टाकायचा. निवळी टाकीत पाणी चढत असताना सोडली तर ती सगळीकडे मिसळते. भरलेल्या टाकीत वरून ओतली तर वरचाच थर क्लोरीनचा होतो. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, व्हॉल्व्ह उघडायचा नाही. जंतू मरायला तेवढा वेळ लागतो.

आता एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. पावसात, निसरड्या लोखंडी शिडीवरून, एका हातात बादली घेऊन उंच टाकीवर रोज चढायचं, हे काम तुटपुंज्या मानधनावर आपण एका माणसाकडून अपेक्षितो. तो एखाद्या दिवशी चढला नाही तर दोष त्याचा नसून व्यवस्थेचा आहे. टीसीएलचं द्रावण किंवा हायपोक्लोराइट पंपघरातच पाइपात सोडणारा डोसर बसवा. तो चालू नसेल तर खालीच, विहिरीत किंवा संपात (जमिनीतल्या टाकीत), निवळी सोडायची सोय करा. शिडीला कठडा लावा. हातमोजे, चष्मा आणि नाकाला बांधायला जाड फडकं द्या. ही खरेदी पाणीपट्टीच्या वसुलीतून करता येते.

साठवणुकीचं थोडक्यात: पोतं लाकडी फळीवर, अंधाऱ्या कोरड्या खोलीत, तोंड घट्ट बांधून ठेवा. मोटरच्या स्टार्टरजवळ ठेवू नका, वाफेनं पॅनेल गंजतं. डिझेल, खत, ॲसिड यांच्या शेजारी तर मुळीच नको. टीसीएलमध्ये ॲसिड मिसळलं तर विषारी वायू निघतो. ग्रामपंचायतीनं पावडरीचा नमुना अधूनमधून जिल्हा प्रयोगशाळेत पाठवावा आणि २० टक्क्यांखाली उतरलेली पावडर पिण्याच्या पाण्याला वापरू नये.

लोक म्हणतात पाण्याला वास येतो. ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका, कारण याच तक्रारीमुळे टीसीएल टाकणं बंद पडतं. बहुधा एक दिवस काहीच नाही आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट, असं टाकल्यानं वास जाणवतो. रोज मोजून टाकलं तर आठवड्याभरात तक्रार कमी होते. उरलेला वास पाणी काही वेळ ठेवलं की कमी होतो. डाळ शिजत नाही, हा आरोपही टीसीएलवर येतो. ते काम बहुतेक वेळा पाण्याच्या जडपणाचं असतं आणि जडपणा खडकातून आलेला असतो.

पाइप आणि व्हॉल्व्ह

टाकीत क्लोरीन भरपूर आणि शेवटच्या घरी शून्य, असं आढळलं तर घाण वाटेत आहे. आपल्या योजनांत पाणी दिवसातून तास-दोन तास सुटतं. बाकीचा वेळ पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपाला गळती असेल आणि ती गटाराच्या काठी असेल, तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. टिल्लू पंप लावणारी घरं ही ओढ आणखी वाढवतात. एकाच्या सोयीसाठी अख्ख्या आळीचा पाइप गटाराचं पाणी शोषतो. टिल्लू पंपाविरुद्धची कारवाई म्हणूनच आरोग्याची कारवाई आहे, हे ग्रामसभेत स्पष्ट सांगावं.

पाणी सुटायच्या आधी आणि सुटल्यावर, असे दोनदा पाइपाच्या मार्गानं चाला. व्हॉल्व्हचे खड्डे उघडून पाहा. खड्ड्यात पाणी साचलं असेल तर ते उपसा आणि व्हॉल्व्हची गळती त्याच आठवड्यात काढा, कारण पुरवठा बंद झाला की तेच पाणी पाइपात जातं. नळजोडणी गटारातून ओलांडत असेल तर ती गटाराच्या वरून घ्या किंवा जाड अखंड पाइपात घाला. ज्या नळांना तोटी नाही, ज्यांचा पाइप जमिनीखालच्या खड्ड्यात बुडालेला आहे, ते दुरुस्त करा. पाणी सुटल्यावर येणारा पहिला गढूळ लोट पिण्यासाठी भरू नये, हे प्रत्येक घरात सांगा.

टाकी

वर्षातून निदान चारदा टाकी धुवा. पावसाळ्याआधीची आणि नंतरची धुलाई कधी चुकवू नका. धुतल्याची तारीख टाकीवर लोकांना वाचता येईल इतकी मोठी लिहा. झाकण घट्ट हवं आणि हवेच्या पाइपाला व ओसंडीला बारीक जाळी हवी. कबुतरं, उंदीर, पाली आत जाता कामा नयेत.

बंद टाकीत उतरणं धोक्याचं असतं. आत प्राणवायू कमी असू शकतो आणि क्लोरीनची वाफ कोंडते. झाकणं उघडून पुरेशी हवा खेळू द्या, एकट्यानं कधीही उतरू नका, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीत. गाळ काढून भिंती घासल्यावर टाकी भरा आणि हजार लिटरला १५० ग्रॅम या प्रमाणात ३३ टक्क्यांच्या पावडरीची निवळी घालून चार तास ठेवा. हे पाणी पिण्याचं नाही. गावाला आधी सांगा, नळ बंद ठेवा, मग ते ओढ्यात किंवा शेतात न सोडता मोकळ्या पडीक जागेत जिरवा. टाकी पुन्हा भरून ओटी टेस्ट नेहमीच्या पातळीला आली की पुरवठा सुरू करा.

विहीर आणि बोअर

विहिरीला उंच कठडा, वर जाळी, भोवती बाहेर उताराचा ओटा आणि पाणी लांब नेणारी मोरी हवी. कपडे, जनावरं, निर्माल्य यांना तिथं जागा नाही. शौचालयाचा शोषखड्डा निदान १५ मीटर लांब असावा असं म्हणतात, पण आपला काळा खडक भेगाळ असतो आणि भेगांतून घाण मुरमापेक्षा खूप लांब जाते. म्हणून खड्डा विहिरीच्या चढाच्या बाजूला असेल तर १५ मीटरवर समाधान मानू नका.

जंतूंसाठी एचटूएसची बाटली (विष्ठेतले जंतू असतील तर पाणी काळं करणारी तपासणीची बाटली) वापरा. क्लोरीन न घातलेलं पाणी खुणेपर्यंत भरून झाकण लावा आणि उबदार जागी ठेवा. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर विष्ठेचं प्रदूषण असण्याची दाट शक्यता आहे. क्लोरीन असलेलं पाणी त्यात भरलं तर निकाल फसवा येतो, म्हणून उद्भवावरचं कच्चं पाणीच घ्या. वापरलेली बाटली टीसीएलच्या द्रावणात बुडवून मगच टाका. प्रयोगशाळेत पाठवायचा जैविक नमुना त्यांनीच दिलेल्या निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. निकालात १०० मिली पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जिवाणू अजिबात आढळता कामा नये.

राज्यात एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये आरोग्य विभाग स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं (जास्त, मध्यम, कमी धोक्याचं) कार्ड देतो. आपल्या गावाला कोणतं मिळालं आणि का, ते मागून घ्या. पिवळ्या कार्डामागची कारणं म्हणजे पुढच्या सहा महिन्यांच्या कामांची तयार यादी असते.

जे टीसीएलनं जात नाही

फ्लोराइड, नायट्रेट, क्षार यांवर क्लोरीनचा परिणाम होत नाही. उकळूनही ते जात नाहीत; उलट पाणी आटल्यानं प्रमाण वाढतं. मानकानुसार लिटरमागे नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. फ्लोराइड १ पर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर कमाल १.५. एकूण विरघळलेले क्षार ५०० पर्यंत, पर्याय नसेल तर २००० पर्यंत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि लहान मुलांच्या दातांवरचे पिवळे-तपकिरी डाग ही त्याची पहिली खूण. नायट्रेट खत आणि मैल्यातून येतं आणि बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वाधिक. किटमध्ये आकडा जास्त आला तर नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवून पक्का करा. मग तो स्रोत पिण्यासाठी बंद करून त्यावर तसा फलक लावा. हातपंप धुण्याभांड्यांना वापरता येईल, पण लाल रंगानं खूण हवीच. आरओचं एटीएम बसवलं असेल तर त्याचंही पाणी तपासा. त्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून जारमध्ये आणि घरच्या भांड्यात ते सहज दूषित होतं.

साथीची चाहूल लागली तर

एकाच आळीत दोन-तीन घरांत जुलाब-उलट्या दिसल्या की आशाताईंनी त्याच तासाला ग्रामपंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं. गावजेवण झालं होतं का, हा वाद नंतर घाला. रुग्णांची घरं नकाशावर टिपा. ती सगळी एकाच व्हॉल्व्हवर येत असतील तर दोष त्या पाइपात शोधायचा, गावभर पसरली असतील तर टाकीत किंवा विहिरीत.

घाबरून लगेच दुप्पट टीसीएल ओतू नका. आधी नमुने घ्या: शेवटच्या नळाचा, टाकीचा, विहिरीचा. एकदा क्लोरीन वाढवला की पुरावा मरतो आणि कारण सापडत नाही. नमुने बर्फात गेले की मात्रा वाढवा, शेवटच्या घरी ०.५ मिळेपर्यंत. दवंडी द्या आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाका: पाणी उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळा, नाहीतर आरोग्यसेविकेनं दिलेलं मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) बाटलीवरच्या प्रमाणात घाला, झाकून ठेवा, दांडीच्या भांड्यानं काढा. रुग्णाला ओआरएस लगेच सुरू करा. संशयित पाइपावरचा पुरवठा थांबवून त्या आळीला टँकर द्या, आणि टँकरच्या पाण्याचीही ओटी टेस्ट करा.

गळती सापडून दुरुस्त झाल्यावर तो पाइप जास्त क्लोरीनच्या पाण्यानं धुऊन काढा. मग शेवटच्या घरी सलग काही दिवस ०.२ च्या वर क्लोरीन मिळाला, प्रयोगशाळेचे लागोपाठ दोन नमुने स्वच्छ आले आणि आरोग्य केंद्रानं नवे रुग्ण नसल्याचं सांगितलं, तरच उकळण्याची सूचना मागे घ्या. तारीख, कारण आणि दुरुस्ती ओटी टेस्टच्या त्याच वहीत लिहा, आणि ती वही पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.